बंद केलं म्हणजे बंद होतं?

होम लोनचा फॉर्म भरताना माणूस किती शहाणा होतो ना! पगाराच्या स्लिपा, तीन वर्षांचे रिटर्न्स, बँकेचं स्टेटमेंट, पॅन, आधार.. सगळं एका फाइलमध्ये, वर रंगीबेरंगी चिठ्ठ्या चिकटवलेल्या. जून २०२४ मध्ये अशीच एक गुटगुटीत फाइल मांडीवर घेऊन मी बँकेत बसले होते. खराडीत वन बीएचके पसंत पडलेला, चौथा मजला, बाल्कनीतून समोर एक मोठ्ठं झाड. बिल्डरकडे टोकन दिलेलं. मनातल्या मनात पडद्यांचा रंगसुद्धा ठरलेला.

समोरच्या साहेबांनी स्क्रीन जराशी माझ्याकडे वळवली. म्हणाले, "मॅडम, हे ब्रॉडबँड काय आहे?"

"कुठलं ब्रॉडबँड?"

"हे बघा. टेल्को ब्रॉडबँड अकाउंट. सेटल्ड दाखवतंय."

मी आपली खूश. "सेटल्ड म्हणजे मिटलंय की! मग काय प्रॉब्लेम?"

साहेबांनी चष्मा वर केला. "मिटलंय, पण अर्ध्यावर. सेटल्ड म्हणजे पूर्ण पैसे भरले नाहीत, तडजोड केली. असं काही दिसलं की फाइल वर जाते, मग वरून प्रश्न येतात. तुम्ही आधी हे क्लिअर करून आणा."

आता गंमत अशी, की मी कुणाशीही कसलीही तडजोड केली नव्हती. कुणाचं काही देणं आहे हेच मला माहीत नव्हतं. मग माझ्या नावावर तडजोड केली कुणी?

फ्लॅशबॅक

मे २०२३. मी कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमधून खराडीला शिफ्ट होत होते. ज्यांनी पुण्यात घर बदललंय त्यांना सांगायला नको. टेम्पोवाला दुपारी दोनला येतो म्हणाला आणि सकाळी दहालाच दारात उभा. गॅसचा सिलिंडर कुणाच्या ताब्यात द्यायचा, गादी लिफ्टमध्ये कशी घालायची, डिपॉझिटमधून रंगाचे किती कापणार.. या सगळ्या राड्यात इंटरनेट बंद करायचं काम मी जेवणाच्या सुट्टीत, एका हातात वडापाव धरून उरकलं. कॉल सेंटरला फोन लावला. बराच वेळ ती बासरीची धून ऐकली. मग एक गोड आवाज आला.

"मला कनेक्शन बंद करायचंय."

"का बरं मॅडम? आपल्यासाठी एक छान ऑफर आहे.."

"मी घर सोडतेय. नव्या सोसायटीत तुमची लाइन नाहीये."

"ओके मॅडम. होऊन जाईल. पुढचं बिल येणार नाही."

होऊन जाईल! हे दोन शब्द ऐकले की आपल्याला काय हायसं वाटतं. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि डोक्यातून तो विषय कायमचा काढून टाकला. राउटर एका खोक्यात घालून माळ्यावर टाकला, घरमालकीण काकूंना सांगितलं, "कंपनीचा माणूस आला तर देऊन टाका." माणूस कधी आलाच नाही.

पुढे काय झालं, ते मला वर्षभरानंतर कागदावर वाचायला मिळालं. कंपनीच्या लेखी माझं कनेक्शन मस्त चालू होतं. महिन्याला ७९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४३. अशी सहा बिलं. बिलं जात होती कॉलेजात असताना काढलेल्या एका ईमेलवर. तो मेलबॉक्स मी आता फक्त पासवर्ड आठवतोय का ते बघायला उघडते. क्रेडिट कार्ड बदललेलं, त्यामुळे ऑटो-पे आपोआप फसत होतं. दर बिलावर १०० रुपये लेट फी. नोव्हेंबरात कंपनीने पैसे थकले म्हणून लाइन तोडली, राउटर परत आला नाही म्हणून २,००० रुपये लावले आणि हिशेब काढला ८,२५८ रुपये. डोक्याला शॉट!

टेल्को म्हणजे काय रे भाऊ?

आपला एक गोड गैरसमज असतो. सिबिल म्हणजे लोनवाल्यांची भानगड, आपण ना लोन घेतलंय ना हप्ते थकवलेत, मग आपल्याला काय त्याचं? तर मंडळी, तसं नाही. सिबिल ही कंपनी २००० साली सुरू झाली. तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्या भारतात आहेत: एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तुमचे हप्ते, क्रेडिट कार्डं यांची कुंडली त्या ठेवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला स्कोअर काढतात. या कुंडलीत टेलिकॉम कंपन्यांचीही घरं आहेत. मोबाइलचं वेगळं, लँडलाइनचं वेगळं, ब्रॉडबँडचं वेगळं. प्रत्येक कंपनी प्रत्येक थकबाकी कळवतेच असं नाही. पण कळवली, तर तुमचा विसरलेला राउटर थेट होम लोनच्या टेबलावर येऊन बसतो.

आणि शेवटचा शेरा फार महत्त्वाचा. क्लोज्ड म्हणजे हिशेब पूर्ण चुकता. सेटल्ड म्हणजे कमी पैशात मिटवलं, उरलेले सोडून दिले. माझ्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: थकबाकी ८,२५८, मिळाले ४,०००, सोडून दिले ४,२५८.

मिळाले ४,०००? कुणाकडून?

कंपनीला मेल टाकला. चार दिवसांनी उत्तर आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूपीआयने पैसे भरले गेलेत. सोबत मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे.

ते चार आकडे मला पाठ होते. आप्पांचा नंबर होता.

आप्पांची डायरी

माझे आप्पा साताऱ्याला असतात. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले. कंडक्टरकीत तिकिटांचा आणि पैशांचा मेळ बसला नाही, तर कमी पडलेले पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे. त्यामुळे 'हिशेब' हा आमच्या घरात देवाइतकाच मोठा शब्द. दूधवाल्याचे दोन रुपये राहिले तर आप्पा रात्री चप्पल घालून जाऊन देऊन येत. आजही रोजचा खर्च ते एका डायरीत लिहितात. भाजी ६०, पेपर, गोळ्या, रिक्षा.

शनिवारी सकाळची एसटी पकडली. जेवणं झाली, आई आत गेली, तेव्हा मी विषय काढला. आप्पा आधी काहीच बोलले नाहीत. मग उठून डायरी आणली आणि फेब्रुवारीचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. त्यांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती. 'ताईचे इंटरनेट: ४,०००.'

"आप्पा, मला का नाही सांगितलं?"

"आगं, कागद आला होता. अदालत लिहिलेलं त्यावर."

कनेक्शन घेताना मी आधारवरचा, म्हणजे साताऱ्याचा पत्ता दिला होता. पर्यायी नंबर म्हणून आप्पांचा नंबर. डिसेंबरपासून वसुलीवाले त्यांना फोन करत होते. कधी सकाळी, कधी ऐन जेवणाच्या वेळी. "तुमच्या मुलीने पैसे बुडवलेत." फेब्रुवारीत लोकअदालतीची नोटीस आली. आप्पांनी 'लोक' वाचलंच नाही, 'अदालत' तेवढं वाचलं. नोटिशीखालच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "काका, चार हजारात मिटवून टाकतो, मुलीचं नाव खराब नको व्हायला." आप्पांनी शेजारच्या पोराला बोलावलं, त्याने लिंक उघडून दिली, आप्पांनी पैसे पाठवले.

"पण मी पैसे बुडवले नव्हते, आप्पा. मी लाइन बंद करायला सांगितलं होतं."

आप्पांनी डायरी मिटली. "असंल. मला वाटलं, एवढी शिकल्याली पोर, घाईत राहिलं असंल. तुला विचारलं तर तुला वाईट वाटंल म्हणून न्हाई विचारलं."

चार महिने माझ्या बापाला वाटत होतं की पोरीने कुणाचे तरी पैसे बुडवलेत. आणि चार महिने रोज फोनवर तो मला विचारत होता, "जेवलीस का?"

परतीच्या एसटीत मी ठरवलं. आठ हजार गेले खड्ड्यात, पण हे प्रकरण असं सोडायचं नाही.

कागदाला कागद

फोनवर भांडायची हौस माझी एका दिवसात फिटली. तीन वेगवेगळ्या लोकांना तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तिघांनी "आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व" म्हटलं आणि तिघांनी पुढची तारीख दिली. तेव्हा माझ्या ऑफिसातल्या एका सीनियर बाईंनी कानमंत्र दिला: "बोलू नकोस. लिही."

मग लिहायला बसले. आधी पुरावे गोळा केले. माझा मोबाइल पोस्टपेड. त्यामुळे मे २०२३ चं कॉलवार बिल मिळालं. २७ मे, कंपनीचा नंबर, ११ मिनिटं. कोथरूडच्या फ्लॅटचा भाडेकरार, त्यात मुदत संपल्याची तारीख. खराडीच्या नव्या कनेक्शनचं पहिलं बिल. आणि सगळ्यात भारी आयडिया त्याच सीनियर बाईंची. कंपनीला विचारायचं, की २७ मेनंतर या अकाउंटवरून किती डेटा वापरला गेला, त्याचा महिनावार हिशेब द्या.

मग लेखी तक्रार केली. तिचा डॉकेट नंबर घेतला. हा नंबर म्हणजे तुमच्या तक्रारीचा जन्मदाखला. तो नसेल तर तक्रार जन्मालाच आलेली नाही असं समजा. दहा दिवसांत उत्तर आलं: 'ग्राहकाने फक्त चौकशीसाठी फोन केला होता. बंद करण्यासाठी ईमेलवर पाठवलेल्या लिंकवर होकार देणं आवश्यक होतं, तो आला नाही. सबब रक्कम योग्य आहे.' लिंक अर्थातच त्या कॉलेजच्या ईमेलवर. पण उत्तरात एक वाक्य हातचं सुटून गेलं होतं: जूनपासून डेटा वापर शून्य.

बॉस, इथे बहुतेक जण थांबतात. कंपनीने नाही म्हटलं म्हणजे संपलं, असं आपल्याला वाटतं. पण नियम सांगतो की ही फक्त पहिली पायरी आहे. ट्रायने २०१२ साली केलेल्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक टेलिकॉम कंपनीला, ब्रॉडबँडवाल्यांनासुद्धा, दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात. पहिली तक्रार केंद्र. दुसरी अपील अधिकारी. पहिल्या पायरीवर समाधान झालं नाही तर ३० दिवसांत अपील करायचं. त्याला फी नाही आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. प्रत्येक कंपनीच्या अपील अधिकाऱ्याचा फोन आणि ईमेल ट्रायच्या साइटवर मिळतो. मात्र ट्रायलाच पत्र लिहून "माझं बिल कमी करा" म्हणू नका. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, तो नियम करतो.

८ जुलैला मी अपील केलं. दोन पानं. राग नाही, विशेषणं नाहीत, फक्त तारखा. आणि त्यात एक गोष्ट स्वतःहून कबूल केली. माझं बिलाचं चक्र १५ तारखेला सुरू व्हायचं. १५ ते २७ मे असे तेरा दिवस मी इंटरनेट वापरलं होतं आणि त्याचे पैसे दिले नव्हते. ९४३ रुपयांच्या हिशेबाने ते होतात ३९५. ते माझं खरं देणं. राउटरही माझ्याकडे राहिला हे खरं. एका रविवारी कोथरूडला जाऊन काकूंच्या माळ्यावरून खोकं उतरवलं, कंपनीच्या दुकानात राउटर जमा केला आणि सीरियल नंबर लिहिलेली पावती घेतली. काकूंनी वर चहा पाजला आणि म्हणाल्या, "अगं, मी दिवाळीत फेकणारच होते ते!"

१४ ऑगस्टला निकाल आला. वापर शून्य, घर सोडल्याचा पुरावा आहे, सबब २७ मेनंतरची आकारणी आणि लेट फी रद्द. राउटर मिळाला, सबब त्याचे २,००० रद्द. देणं ३९५ रुपये. ४,००० मधून ते वजा करून उरलेले ३,६०५ ज्या खात्यातून आले त्या खात्यात परत. आणि मी मागितला होता तो कागद: नो ड्यूज सर्टिफिकेट.

मग क्रेडिट रिपोर्ट. सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाकता येतो, त्याला पैसे लागत नाहीत. पण सिबिल स्वतःच्या मर्जीने काही खोडत नाही. ज्या कंपनीने माहिती दिली तिला विचारते, ती हो म्हणाली की बदलते. त्यामुळे नो ड्यूजचा कागद हातात असणं फार कामाचं. चूक दुरुस्त करायला ३० दिवसांची मुदत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २६ एप्रिल २०२४ पासून त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. माझं काम सप्टेंबरच्या मध्यात झालं. सेटल्ड गेलं, क्लोज्ड आलं.

तोवर बिल्डरने चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दुसऱ्याला दिला होता. आता मी दुसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीतून पार्किंग दिसतं. पडद्यांचा रंग मात्र तोच ठेवला.

अपील हरले असते तर?

हा प्रश्न मलाही रात्री झोपू देत नव्हता, म्हणून सांगते. पुढे दारं आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यांनी तक्रार कंपनीपुढे ठेवली की बऱ्याचदा सूर बदलतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २००९ साली सुप्रीम कोर्टाने टेलिफोनच्या बिलाच्या भांडणात ग्राहक मंचाला अधिकार नाही असं म्हटलं होतं, त्यामुळे अनेक वर्षं कंपन्या तेच पुढे करायच्या. १६ फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने एका मोबाइल कंपनीच्या खटल्यात ही वाट मोकळी केली. आता तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. वकील लागतोच असं नाही. फक्त दोन वर्षांच्या आत जायचं.

आणि ती लोकअदालतीची नोटीस? ती घाबरण्याची गोष्टच नव्हती. प्रकरण कोर्टात जायच्या आधी दोघांनी समोरासमोर बसून मिटवायची ती जागा. तिथे दोन्ही बाजूंची संमती असेल तरच तडजोड होते. नसेल तर कुणी तुमच्यावर काही लादू शकत नाही. उलट तिथे जाऊन "हे देणं मला मान्य नाही, हा माझा पुरावा" असं म्हणता येतं. काळजी एकच घ्यायची. तिथे एकदा सही करून तडजोड केली, की ती कोर्टाच्या हुकमासारखी पक्की होते, तिच्यावर अपील नाही. म्हणून घाईत सही करू नका. बाकी, इंटरनेटचं बिल राहिलं म्हणून कुणी पोलीस घेऊन दारात येत नाही. हा पैशांचा, दिवाणी मामला आहे. फोनवरचा पोरगा काहीही म्हणो.

फ्रिजवर लावायची चिठ्ठी

कनेक्शन बंद करताना:

१. फोनवर सांगितलंत तरी त्याच दिवशी ईमेल किंवा अ‍ॅपवरून लेखी कळवा. तारीख घाला. नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

२. कंपनीकडे तुमचा कुठला ईमेल आहे ते आधी तपासा. पर्यायी नंबर आई-वडिलांचा असेल तर त्यांना सांगून ठेवा, की असा फोन आला तर आधी मला कळवा.

३. राउटर स्वतः जाऊन द्या. पावतीवर सीरियल नंबर हवा. वॉचमनकडे ठेवलाय, काकूंकडे दिलाय, हे हिशेबात धरत नाहीत.

४. शेवटचं बिल मागा, भरा, नो ड्यूज घ्या आणि डिपॉझिट भरलं असेल तर तेही परत मागा. मगच ऑटो-पे बंद करा. नुसते पैसे भरणं थांबवलं म्हणजे कनेक्शन बंद होत नाही, थकबाकी तेवढी सुरू होते.

वसुलीचा फोन आला तर:

१. फोनवर पैसे भरू नका. महिनावार बिल आणि एजन्सीला कंपनीने दिलेलं अधिकारपत्र लेखी मागा.

२. जेवढं खरंच देणं आहे तेवढं मान्य करा. उरलेलं का मान्य नाही ते लिहा.

३. "अर्ध्यात मिटवू" ऐकलं की विचारा, रिपोर्टमध्ये शेरा काय लिहिणार? सेटल्ड की क्लोज्ड? उत्तर लेखी घ्या.

४. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. वाढदिवसाला केक कापता ना? त्याच दिवशी रिपोर्टही काढा.

३९५ रुपये

गणपतीत घरी गेले, तेव्हा ३,६०५ आप्पांच्या खात्यात जमा झाले होते. त्यांनी पासबुक भरून आणलं होतं, डायरीत लिहिलं होतं, फेब्रुवारीच्या त्या ओळीपुढे बारीक अक्षरात 'चूक कंपनीची' असंही लिहिलं होतं. मी अपिलाचा निकाल वाचून दाखवला. सगळा. 'सबब' सकट. आप्पा डोळे मिटून ऐकत होते, जणू आरती चाललीये.

वाचून झालं, तसे म्हणाले, "म्हंजे तीनशे पंच्याण्णव तुझंच हुतं."

"हो. ते माझंच देणं."

"मग दे की."

मला वाटलं, चेष्टा करतायत. नाही. हात पुढे होता. मी पर्समधून चारशे काढून दिले. आप्पांनी ते दोनदा मोजले, शर्टाच्या वरच्या खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मग डायरी उघडली आणि लिहिलं, 'ताईकडून जमा ३९५.' खाली एक रेघ मारली.

"आता झालं बंद," म्हणाले.